साडेचार फुटी दगड

“मग तो दगड कशाचा, तेवढं सांग ना मावशी!”

चांगुणामावशी बाजाराच्या कडेला पान जुळवत बसलेली. पंचेचाळीस वर्षं धक्क्यावरनं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मुंबईच्या गल्ल्या तुडवलेली कोळीण. आता दात चारच उरलेले, पण चारही तिखट.

समोर शार्दूल उकिडवा. गळ्यात खादीचं नवंकोरं उपरणं, हातात वही. चांगली नोकरी सोडून पठ्ठ्यानं हे धरलेलं: लोकांना पायी फिरवायचं, शहराचा विसरलेला इतिहास दाखवायचा. उद्या पहिली फेरी. बारा माणसं येणार. आणि ह्या शहाण्यानं आधीच कळवून टाकलेलं, की मावशीच्या गल्लीच्या तोंडच्या दगडाचं गुपित फोडणार म्हणून.

गुपित त्यालाच ठाऊक नव्हतं.

“पुस्तकात काय म्हणतात?”

“पुस्तकात नाहीच तो. पण मी दोनदा मोजलाय. साडेचार फूट उंच, माथा सपाट. मला वाटतं, गोरा साहेब त्यावरनं घोड्यावर चढत असेल...”

“साडेचार फुटांवरनं? साहेब घोड्यावर चढायचा, का घोडा साहेबावर?”

शार्दूलचे कान लाल झाले. “बाकी सगळं तारीखवार पाठ आहे माझं. एवढा एकच राहिलाय.”

“हां... एवढा एकच.”

मावशीनं त्याच्या गळ्यातलं उपरणं ओढलं, पीळ दिला, गोल वळलं आणि त्याच्याच डोक्यावर ठेवलं. झाली चुंबळ.

“अगं, नवीन आहे ते!”

“आता कामाचं झालं.”

कापडानं झाकलेली पाटी बाजूलाच होती. मावशीनं शेजारच्या भाजीवालीला हाक मारली. दोघींनी मिळून ती त्याच्या डोक्यावर चढवली. त्याची मान खांद्यात गेली.

“काय आहे यात?”

“इतिहास. चल. वाटेत खाली ठेवलीस तर परत चढवायला मी नाय हां, सांगून ठेवते.”

मावशी पुढं, मोकळ्या हातानं. दिसेल त्याला सांगत, “नवा गडी ठेवलाय गो!”

पहिल्या वळणावर शार्दूल एका इमारतीचं साल सांगत होता. दुसऱ्या वळणावर नुसतं शतक. तिसऱ्यावर गप्प.

मान पेटली. खाली ठेवावी, तर उचलणार कोण...

तेवढ्यात गल्लीचं तोंड आलं. दगड दिसला.

कुणी काही सांगितलं नाही. शार्दूल सरळ गेला, छाती दगडाला लावली, मावशीच्या उंचीचा होईस्तोवर गुडघे वाकवले, आणि पाटी डोक्यावरनं अलगद दगडावर सरकली.

त्यानं श्वास सोडला. असा, की समोरचा दुकानदार वळून बघायला लागला.

हात दगडाच्या कडेवर गेला. कड झिजून गुळगुळीत झालेली.

“मावशी... किती जणींनी गं...?”

मावशी कापड उचलून आत बघत होती. तांदूळ, कांदे, चार नारळ.

“फुटलं नाय काय. आठवड्याचा बाजार घरपोच आला.”

शार्दूलनं आधी तोंड वासलं. मग हसत सुटला, पोट धरून. हसता हसता वही काढली.

“आता फक्त साल सांग. आणि बसवला कुणी?”

मावशीनं नुसती हनुवटी हलवली... त्याच्या मागं.

धक्क्याकडनं एक कोळीण येत होती. भरलेली पाटी, घामानं निथळणारं तोंड, नजर दगडावर.

शार्दूलनं वही खिशात कोंबली. गुडघे वाकवले, पाटीखाली डोकं घातलं आणि उभा राहिला. एकट्यानं. जागा मोकळी झाली.

बाईनं पाटी टेकवली. श्वास सोडला. अगदी तस्सा.

“मावशी,” शार्दूल पाटीखालनंच म्हणाला, “उद्या त्या बारा जणांना मी सांगू तरी काय?”

“उपरणं घेऊन या म्हणावं.”