दाराशी बसलेले दोघे

"आणि याकोब जागचा उठलाच नाही तर?" प्रबोधनं विचारलं.

पाळकसाहेब भाकरीवरचं पांढरं फडकं सारखं करत होते.

प्रबोधला राहवेना. सहा वर्षं परदेशात धर्मशास्त्र शिकून दोन महिन्यांपूर्वीच तो गावच्या ख्रिस्ती मंडळीत परतला होता.

"साहेब, शिमोननं पश्चात्ताप केला. देवानं क्षमा केली. तरी सहा महिने तो दाराशी, चपलांपाशी! आणि आज मुदत संपली, तरी भाकर मिळणार ती भावानं उठून दिली तरच. म्हणजे देवाची क्षमा याकोबच्या हातात?"

"हात मोडलाय त्याचा," पाळकसाहेब म्हणाले. "शिमोननं."



विहिरीच्या पाळीवरून भांडण पेटलं होतं. शिमोननं थोरल्या भावावर फावड्याचा दांडा घातला. पाळकसाहेबांनी मंडळीसमोर शिक्षा सुनावली. सहा महिने दाराशी बसायचं, प्रभुभोजनाची भाकर नाही. ढोलकीला हात लावायचा नाही. पाणी आधी याकोबच्या रानाला, मग स्वतःच्या.

शिमोनसारखी ढोलकी गावात कुणाची नव्हती. सहा महिने गाणी नुसत्या टाळ्यांवर रखडत होती.

"तिकडं कुणी कुणाला दाराशी बसवत नाही," प्रबोध पुटपुटला.

"मग तिकडं दाराशी कोण बसतं?"

"कुणीच नाही."

"हं..."

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी भाकरीवर प्रार्थना केली, ती मोडली आणि ताट प्रबोधच्या हाती दिलं. मग सतरंजीच्या कडेकडेनं चालत गेले आणि उंबऱ्याशी, शिमोनच्या शेजारी, पाय पसरून बसले.

हे प्रबोधनं याआधीही पाहिलं होतं. गुडघे दुखत असतील, वय झालं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ताट ओळीओळीनं सरकलं. याकोबपाशी आलं.

याकोबनं तुकडा उचलला. तोंडात घातला नाही.

मागं शिमोननं मान खाली घातली...



याकोब उठला. वाकडा सांधलेला हात पोटाशी धरून दारापर्यंत गेला. तुकडा त्यानं मुद्दाम त्याच हातात घेतला.

"आ कर, गाढवा."

शिमोननं वर पाहिलं. त्याला घास गिळता येईना. याकोब तसाच उभा राहिला, गिळेपर्यंत.

"गेला का खाली?"

"गेला, दादा."

"मग ऊठ. माझ्या शेजारची जागा किती दिवस रिकामी ठेवू?"

कुणीतरी "हालेलूया!" म्हणून ओरडलं. याकोबची बायको सलोमी कपाटातून ढोलकी काढून धावत आली. ढोलकीची गवसणी तिनं धावता धावताच ओढून फेकली.

प्रबोधनं ताट पाळकसाहेबांपुढं धरलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले, तुकडा घेतला, डोळे मिटले. कितीतरी वेळ चघळत राहिले. गालावरून पाणी ओघळलं.

"सायबांच्या तोंडातही ही भाकर सहा महिन्यांनी पडली," सलोमी पदरानं डोळे पुसत म्हणाली.

प्रबोधच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं.

"म्हणजे तुम्ही इथं... गुडघ्यांमुळे नव्हता बसत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

शिमोन ढोलकीच्या कड्या ओढत होता. सहा महिन्यांत ती सैल पडली होती. त्यानं एक थाप मारून पाहिली, पुन्हा ओढली.

"पण साहेब... गुन्हा त्याचा. शिक्षा तर तुम्हीच सुनावली होती!"

ढोलकी कडाडली. सगळी मंडळी एकदम उभी राहिली, बायका, म्हातारे, काखेतली पोरंसुद्धा, आणि गाण्यानं पत्रे हादरले. त्या गजरात प्रबोधला ऐकू जावं म्हणून पाळकसाहेब त्याच्या कानाशी ओरडले,

"म्हणून तर!"