कुमुदमावशीचा बिल्ला

“...पण अप्पा, मी तर फोटोतलं काहीच गाळलं नाही. मग चेहरा बिघडला कसा?”

अप्पा पोतदारांनी चष्मा वर सरकवला. समोर सुश्रुत मांडी घालून बसला होता. दोघांच्या मध्ये रुमालावर पितळेचा एक बिल्ला ठेवलेला होता, रुपयाएवढा.

सांगलीत मीनाकारी म्हटली की लोक अप्पांचंच नाव घेत. हात थरथरू लागल्यावर त्यांनी स्वतःचं काम थांबवलं, शिकवणं मात्र थांबवलं नाही. सुश्रुत त्यांचा अलीकडचा शिष्य. गुणी होता, मेहनती होता, आणि हे दोन्ही त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्यानं घरी लेसरचं यंत्र आणलं होतं. चित्र संगणकावर टाकायचं, की यंत्र पितळेत बारीक खड्डे कोरतं. खड्ड्यांत मीन्याचा रंग भरायचा, सुकला की पाणी लावून घासायचा. जेवढं पितळ कोरलेलं नसतं, तेवढं रंगांच्या मध्ये रेघ होऊन चमकतं. एवढीच काय ती विद्या, आणि सगळे घोळही तिच्यातच.

हा बिल्ला त्याच्या कुमुदमावशीचा. मावशीनं अर्ध्या गावाला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. रविवारी तिची पंचाहत्तरी होती. तिचे सगळे विद्यार्थी घाटावर जमणार आणि प्रत्येकाच्या छातीवर तिचा बिल्ला असणार, असं सुश्रुत सगळ्यांना कबूल करून बसला होता. त्याला लहानाचा मोठा तिनंच केला होता. तिच्यासाठी केलेली वस्तू भिकार निघाली, या विचारानं त्याला दोन दिवस जेवण जात नव्हतं.

“एकूण एक सुरकुती घेतली,” तो म्हणाला. “केसाएवढी रेघसुद्धा यंत्रानं चुकवली नाही. बघा तरी.”

अप्पांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

“वा! पापणीसुद्धा धरलीय. उभ्या आयुष्यात मला एवढी बारीक रेघ साधली नाही. यंत्र गुणी आहे हो तुझं.”

सुश्रुत खुलला. लगेच पुन्हा कोमेजला.

“पण रंग भरताना तो रेघा ओलांडून गेला. उरलेल्या रेघा घासताना उडाल्या. मावशी कसली, तडा गेलेली बशी दिसतेय. अप्पा, यंत्राचा जोर कमी करू? की रंगच बदलू?”

अप्पा उठले. बिल्ला दोन बोटांत धरून छातीशी लावला, आणि सावकाश चालत अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडापाशी जाऊन उभे राहिले.

“कोण आहे?” त्यांनी तिथून विचारलं.

“मावशी.”

“ते तुला ठाऊक आहे म्हणून. दिसतंय काय?”

सुश्रुत पाहत राहिला...

“डाग,” तो म्हणाला.

अप्पा परत येऊन बसले. त्यांना दम लागला होता.

“लोक बिल्ला छातीवर लावतात, बाळा. भिंग घेऊन कोण येणार आहे?”

सुश्रुतनं भिंग रुमालावर पालथं ठेवलं.

“कोरायचं काय, ते यंत्राला सांगितलंस. ठेवायचं काय, ते कधी ठरवलंस?”

सुश्रुत रुमालाची कड बोटांनी सरळ करू लागला.

“तिनं तुला पहिल्यांदा पाण्यात घातलं, तेव्हा तिचा चेहरा कसा होता?”

“चेहरा...” सुश्रुत अडखळला. “चेहरा दिसलाच नाही, अप्पा. मी पालथा होतो. खाली सगळं हिरवं पाणी. पोटाखाली तिचा तळवा होता, तेवढंच कळत होतं.”

“मग?”

“मग कधीतरी तो नव्हता. मला पत्ताच नाही. ओरडायला म्हणून वळून पाहिलं, तर ती पार पायरीवर उभी होती...”

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

सुश्रुतनं बिल्ला मागून घेतला आणि उलटा केला. पाठीमागचं पितळ कोरं होतं. खिशातलं पेन काढून त्यानं त्यावर एक उघडा तळवा काढला. जाड रेघेचा, साधा, वर पाणी पेलून धरलेला.

“एवढंच ठेवतो. बाकी सगळं पाणी. निळं... नाही, हिरवंच.”

अप्पांनी हात लांब करून ते पाहिलं. मग आणखी लांब. पोराच्या हातात खरंच कसब होतं, आणि या वेळी ते अप्पांनी तोंडावर सांगितलं नाही.

“पण चेहराच नाही म्हटल्यावर लोक ओळखतील का?” सुश्रुतनं विचारलं.

“ज्यांना तिनं शिकवलं, ते सगळे पालथेच होते ना?”

सुश्रुत हसला. पण उठेना. बिल्ला बोटांत फिरवत राहिला.

“अप्पा... तुम्ही घरी चला ना. यंत्रापाशी नुसते बसा. कुठे चुकलो तर सांगाल. रविवारचा प्रश्न आहे, तुम्ही जवळ असलात म्हणजे मला धीर...”

अप्पांनी रुमाल झटकला, घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

“कुमुदनं पोटाखालचा तळवा काढून घेतलाच नसता, तर?”