काकांचं पान

"मग काढू का तो विजेचा खटका? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी बोला, बाबा!"

शेषगिरी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊनच आला होता. हेमगिरीबाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आज कशानं पडला?"

"धुरपतामावशीच्या मिक्सरनं. काल बोअरच्या मोटारीनं पडला. परवा न्हाणीघरात कुणी पाण्यात हीटरची कांडी सोडली, तेव्हा. रोज नवा चोर! जरा कुठं ओल धरली, वीज जराशी झिरपली, की हा पडलाच. आणि पडला की सगळा मठ बंद."

"सगळा?"

"सगळा."

"आणि मंगल?"

शेषगिरीनं स्क्रू-ड्रायव्हर कमरेला खोचला.

मंगलगिरी म्हणजे बाबांचे गुरुबंधू. मठात सगळे त्यांना काका म्हणत. आतल्या खोलीत खाटेवर असत. नाकात नळी, पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन. आज सकाळी चटणीसाठी मिक्सर फिरला, खटका पडला आणि ते मशीनही बंद झालं. शेषगिरी तेव्हा खाली ओढ्यावर होता. उशाशी छोटं सिलिंडर होतं, पण काकांच्या बोटांत तोटी फिरवायची ताकद नव्हती. मावशी चटणीच्या हातानं धावली म्हणून निभावलं. तोवर ओठ निळे पडले होते.

"म्हणून तर म्हणतो, उपटून टाकू," शेषगिरी म्हणाला. "खटकाच नसेल तर पडणार काय?"

"आणि मावशीच्या ओल्या हाताला वीज लागली तर?"

"मावशीनं हात पुसावेत!"

"किती खटके बसवलेस मठाला?"

"गळतीचा एकच." शेषगिरीची मान ताठ झाली. शहरात बारा वर्षं वायरिंग करून तो मठात आला होता. "स्वयंपाकघर, न्हाणीघर, मोटार, खोल्या, सगळं त्या एकावर घेतलंय. माझ्या खाटेजवळ. पडला की मीच उठवायचा. अख्खा मठ एका बोटावर चालतो, बाबा."

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"जेवण होऊ दे. मग काढ."

दुपारी ओसरीवर पंगत बसली. पिठलं, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. नमो नारायण झालं आणि हात पानावर आले. शेषगिरीला सपाटून भूक लागली होती.

टोकाला गोठ्यातला सटवाजी बसला होता. ठेचा घशात गेला आणि त्याला ठसका लागला.

"उठा!" बाबा गरजले.

कुणाला काही कळेना.

"सटवाजीला ठसका लागलाय, दिसत नाही? उठा सगळे! हात धुवा!"

पंगत उठली. उष्ट्या हातांनी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सटवाजी तर ठसका विसरून उभा राहिला. शेषगिरीच्या तोंडातला घास तोंडातच फिरत होता... म्हातारा चळला की काय?

बाबा तिथंच थांबले नाहीत. तरातरा आतल्या खोलीत गेले. मावशी काकांना चमच्यानं पेज भरवत होती. बाबांनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली. काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मग मात्र मागोमाग आत आलेल्या शेषगिरीला राहवलं नाही.

"बाबा, हे अती झालं! ठसका सटवाजीला, आणि उपाशी आम्ही?"

"बरं. मग उद्यापासून तू म्हणतोस तसं करू. कुणाच्या घशात घास अडकून डोळे पांढरे झाले, तरी कुणी म्हणजे कुणी उठायचं नाही."

"असं कधी म्हटलं मी? माणूस मरेल की!"

"मग काय करू? सगळ्यांना उठवलं तर ओरडतोस. कुणालाच नको म्हटलं तरी ओरडतोस."

"ज्याला ठसका लागला त्याला उठवा ना! त्याची पाठ चोळा, पाणी द्या. बाकीच्यांना जेवू द्या. एवढं साधं..." शेषगिरीचा आवाज चढला. "आणि काकांनी काय पाप केलं? ते पंगतीला नाहीत, ठेच्याला नाहीत. आत खाटेवर पडलेत बिचारे! ओसरीवरच्या ठसक्याशी त्यांचा काय संबंध?"

बाबांनी खाटेच्या पायथ्याकडे बोट केलं.

पायथ्याचं मशीन घरघरत होतं.

बाबांनी पेजेची वाटी शेषगिरीच्या हातात दिली. त्याच्या कमरेचा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्या वाटीत चमच्यासारखा उभा ठेवला.

"माझ्या भावाला त्या पंगतीत बसवला कुणी?"