मातीचं खोरं आणि आबांचा अंगठा

फार फार जुनी गोष्ट. जमिनीचे नकाशे अजून कुणी काढले नव्हते, तेव्हाची.

एका ओढ्याच्या काठी पाच गावं होती. दर पाडव्याला पाचही गावांचे पाटील रायाजी आबा शेतोशेत फिरत आणि काठी टेकवून सांगत, "इथं ऊस. इथं भात. इथं ज्वारी." त्यांच्या आजोबांची काठीही हेच सांगत आली होती. वरच्या गावांत ऊस माजे आणि शेवटच्या गावाला प्यायला पाणी उरत नसे. पण काठीला विचारायचं कुणी?

विचारलं भिवरानं. ती कुंभाराची लेक. वर्षभर पाचही गावं तिनं पावलांनी मोजली आणि चावडीसमोर ओल्या मातीचं अख्खं खोरं उभं केलं. टेकड्या, ओढा, प्रत्येकाचं शेत. ज्याच्या त्याच्या शेतात पिकाचे दाणे टोचले. डोंगरावरून तांब्याभर पाणी ओतलं, की कुणाला किती पोचतं ते लहान पोरालाही दिसेल, असं.

"पाडव्याला सगळ्यांसमोर पाणी ओतू. ते आपणहून साचेल तिथं तळं खणू," ती म्हणाली, "आणि तळ्याच्या मापानं पिकं ठरवू."

लोक चावडीपुढे गर्दी करू लागले. आबांच्या ओसरीवर कुणी फिरकेना. आबांचा नुसता जळफळाट झाला. "चिखलात खेळायचं वय गेलं तिचं," असं ते येईल त्याला ऐकवत. त्या मातीकडे मात्र त्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही. समोरून जाताना मानच वळवत.

पाडव्याच्या आदल्या दुपारी सगळं गाव जेवायला बसलं होतं. आबा चावडीपाशी आले, आणि ओढ्याच्या कडेला, न पाहताच हाताला लागलं तिथं, अंगठा खचकन दाबला. 'ओत आता पाणी!' ते मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाचही गावं जमली. भिवरा खाली वाकली, थबकली, मग आबांकडे रोखून पाहत तिनं पाणी ओतलं. ते ओढ्यातून वळलं आणि अंगठ्याएवढ्या खळग्यात साचलं.

"सापडली तळ्याची जागा!" लोक ओरडले. "कुणाची गं ही?"

"आबांची आमराई. आबा, तुमचं काही म्हणणं?"

आबा पेचात पडले. बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर आमराई.

"माती तुझी," ते पुटपुटले. "तुलाच ठाऊक."

कुऱ्हाडी निघाल्या. ज्याच्या फांदीवर आबा लहानपणी झोके घेत, तेच झाड आधी कोसळलं. दुसऱ्यावर घाव पडणार तोच आबा आडवे आले. "थांबा रे! तो खळगा माझ्या अंगठ्याचा आहे!"

"ठाऊक होतं," भिवरा म्हणाली. "पाणी ओतण्याआधीच खळग्यात अंगठ्याच्या रेघा दिसल्या होत्या. आणि या मातीवर राग एकट्या तुमचाच होता."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"बोलले असते तर तुम्ही मलाच खोटं पाडलं असतं. तुम्हाला तोंड उघडायला एक झाड लागलं, आबा."

खळगा बुजवून पुन्हा पाणी ओतलं, तेव्हा ते पडीक माळाखाली साचलं. तळं तिथंच झालं. वरच्यांनी ऊस निम्मा केला आणि शेवटच्या गावात पहिल्यांदाच भात डोलला. पुढच्या पाडव्यालाही आबा काठी घेऊन आले, पण ती आता फक्त चालताना टेकायला होती.

तात्पर्य : मत्सरानं ज्याच्याकडे पाठ फिरवावी, त्यात आपलंही शेत असतं.