तीन दिवसांचं सुतक

"…प्रायश्चित्त कोणतं घेऊ, तेवढं सांगा. बाकी काही विचारायला मी आलेलो नाही."

यज्ञेश्वरशास्त्री दारातूनच बोलला. पाय धुतले नव्हते. खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती.

नरहरगुरुजी ओसरीवर टकळी फिरवत जानव्याचं सूत काढत होते. वय ऐंशीच्या पुढचं, पण हात स्थिर. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बस."

"बसतो. पण आधी…"

"धागा तुटेल. बस."

तो बसला.

यज्ञेश्वर या ओसरीवर बारा वर्षं शिकला होता. आता तो तालुक्याच्या गावी, नदीच्या घाटावर दहाव्या-बाराव्याची कार्यं करायचा. नुसती करायचा नाही, त्यात त्याचं नाव होतं. पिंडदान उरकलं की मयताच्या माणसांना समोर बसवून तो पाच मिनिटं मृत्यूविषयी बोलायचा. शेजारच्या कार्यातली माणसंसुद्धा ते ऐकायला सरकून यायची. आपण छान बोलतो हे यज्ञेश्वराला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच ठाऊक होतं.

"चूक काय झाली?" गुरुजींनी विचारलं.

"संकल्पात नाव चुकलं."

"कोणाचं?"

"मयताचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं दहावं होतं. मुलाला विचारून घेतलं होतं, नाव काय, गोत्र काय. गोत्र बरोबर म्हटलं. पुढे नाव घ्यायचं तिथे तोंडातून भलतंच नाव गेलं."

"मग?"

"मुलगा म्हणाला, हे आमच्या वडिलांचं नाव नव्हे. मी परत पहिल्यापासून संकल्प केला. पण पुढे कावळा शिवेना. दोन तास सगळे पिंडाकडे बघत उभे. कोणीतरी म्हणालं, नावच चुकवलं, कसा शिवेल? आठ दिवस झाले. घाटावर तेवढीच चर्चा. दोन घरांनी दुसरे गुरुजी बघितले."

"वीस वर्षांत पहिल्यांदा चुकलास?"

"पहिल्यांदा."

"भलतंच म्हणजे कोणतं नाव गेलं?"

यज्ञेश्वर पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला.

"दुसरंच एक."

"दुसरं म्हणजे?"

"…त्याचा प्रायश्चित्ताशी काय संबंध?"

टकळी फिरत राहिली. ओसरीपुढच्या नृसिंहाच्या देवळात कोणीतरी घंटा वाजवून गेलं.

गुरुजी म्हणाले, "तुझी मुलगी गेली असं कानावर आलं होतं."

"चौदा महिने झाले."

"केवढी होती?"

"दोन वर्षं चार महिने."

"आशौच किती?"

हा प्रश्न सोपा होता. यज्ञेश्वराचा आवाज लगेच सुधारला, वर्गात उत्तर येतं तेव्हा सुधारतो तसा. "तीन वर्षांच्या आतलं मूल. दहन नाही, भूमी द्यायची. पिंड नाही, दहावं नाही. आईबापांना तीन दिवस."

"बरोबर. मीच शिकवलं तुला."

"तसंच केलं मी. तीन दिवस, एक घटका कमी नाही की जास्त नाही. चौथ्या दिवशी सकाळी घाटावर उभा होतो. दोन कार्यं होती, दोन्ही केली. लोक म्हणाले, शास्त्रीबुवा, धन्य आहे तुमची."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी रोज लोकांना जे सांगतो, ते मला स्वतःला लागू नाही होय?"

हे बोलताना त्याची मान ताठ झाली होती. पोरगी गेल्यावर बाप म्हणून त्याच्या हाती काही उरलं नव्हतं, पण ही ताठ मान उरली होती, आणि तो तिला घट्ट धरून होता.

गुरुजींनी सूत गुंडाळलं. टकळी बाजूला ठेवली.

"ते तुझं पाच मिनिटांचं बोलणं मी कधी ऐकलं नाही. म्हणून दाखव."

"आत्ता?"

"मला तुझ्या घाटापर्यंत यायला जमत नाही. इथे म्हण."

यज्ञेश्वराने पिशवी खाली ठेवली, मांडी नीट घातली आणि बोलायला सुरुवात केली. बोलणं खरोखरच चांगलं होतं. कुठे अडलं नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. शेवटच्या वाक्याला तो नेहमीप्रमाणे थोडा पुढे वाकला.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

"छान आहे," ते म्हणाले. "मंदाकिनीला म्हणून दाखवलंस?"

मंदाकिनी म्हणजे यज्ञेश्वराची बायको.

"…दाखवलं."

"कधी?"

"पाचव्या दिवशी. ती सारखी तेच तेच बोलत होती. तापात काय मागितलं, शेवटचं पाणी कोणी पाजलं. म्हटलं, समजावून सांगावं."

"मग?"

"माझं पूर्ण व्हायच्या आत ती उठून आत गेली."

"आणि?"

"आणि मी सांगून टाकलं, आजपासून या घरात पोरीचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की जखम उघडी पडते. वर्ष उलटून गेलं. तिने काढलं नाही, मीही काढलं नाही."

तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. मग त्याने हात झटकला.

"गुरुजी, हे सगळं संसारातलं आहे. मी एका मंत्रदोषाचं प्रायश्चित्त विचारायला सहा तास एसटीत बसून आलो. उपास सांगा, जप सांगा. लाख सांगा, सव्वा लाख सांगा. मी करतो. उद्या नाही, परवा माझ्याकडे कार्य आहे आणि मला…"

"आणि तुला?"

"…संकल्प सोडायची भीती वाटते. पळीत पाणी घेतलं की हात थांबतो. पुढे काय तोंडातून येईल सांगता येत नाही."

हे एवढंच तो खरं बोलला होता. त्याचं त्यालाच ते आवडलं नाही.

गुरुजींनी सुताची गुंडी हातात घेतली.

ती उलटसुलट करून पाहत राहिले.

"सांगायचं नसेल तर तसं म्हणा," यज्ञेश्वर उठला. "दुसरीकडे विचारीन. शास्त्र काही एकाच ओसरीवर बसलेलं नाही."

रागावला तरी रीत सुटली नव्हती. निघण्याआधी तो नमस्काराला वाकला.

गुरुजींनी पाय मागे घेतले.

यज्ञेश्वराचे हात तसेच पुढे राहिले.

"लांब राहा," गुरुजी म्हणाले. "शिवू नकोस. सुतक आहे तुला."

"मला?"

"तुला."

"चौदा महिन्यांनी?"

"हो."

"मी तीन दिवस पाळले! तुमच्यासमोर सांगितलं आत्ता!"

"काय पाळलंस?"

"देवाला शिवलो नाही. संध्या मनातल्या मनात केली. घाटावर गेलो नाही. जमिनीवर निजलो."

"निजलास?"

"…पडून होतो."

"पडल्या पडल्या काय करत होतास?"

"पाठ म्हणत होतो. जेवढं येतं तेवढं सगळं. एक संपलं की दुसरं. मध्ये जागा राहू द्यायची नाही, असं ठरवलं होतं."

"भेटायला कोण आलं?"

"एवढ्याशा पोरासाठी कोण येतं? दोघे-चौघे यायला निघाले होते. मीच निरोप पाठवला, येऊ नका."

"म्हणजे ते तीन दिवस तू पाळले नाहीस," गुरुजी म्हणाले. "नुसते संपवलेस."

यज्ञेश्वराला हा अपमान वाटला. उभ्या आयुष्यात कोणी त्याला सुतकात वागताना चुकला असं म्हटलं नव्हतं. ज्याच्याकडून सारा गाव शिवाशिव विचारून घ्यायचा, त्यालाच आज पायांपासून दूर केलं होतं. तो काहीतरी लागेल असं बोलणार होता. पण एवढ्यात गुरुजी भिंतीला धरून उठले, ओसरीच्या पायऱ्या उतरले आणि अनवाणी चालत देवळामागे दिसेनासे झाले.

यज्ञेश्वर एकटाच राहिला.

जावं की थांबावं ते त्याला कळेना. शेवटी खांबाला टेकून बसला.

गुरुजी देवळाला वळसा घालून परत आले. पण आपल्या ओसरीवर आल्यासारखे आले नाहीत. पायरीशी घुटमळले. मग खाली मान घालून वर चढले. चटई टाळून उघड्या जमिनीवर, यज्ञेश्वराच्या समोर बसले. पाणी मागितलं नाही. बरा आहेस का, विचारलं नाही.

सुतकाच्या घरी माणूस जसा येऊन बसतो, तसे ते बसले.

यज्ञेश्वर बघत राहिला. आता त्याला समजलं.

"गुरुजी, हे काय…"

गुरुजींनी हाताने थांब म्हटलं.

देवळाच्या कळसावरून ऊन उतरलं. एक बाई परडी घेऊन गेली, ओसरीकडे पाहून तिने पाऊल हळू केलं.

मग गुरुजी म्हणाले, "मी तिला पाहिलं नव्हतं. कशी होती?"

यज्ञेश्वराने तोंड उघडलं. सवयीने पाच मिनिटांतलं पहिलं वाक्य ओठावर आलं. ते अर्ध्यात विरलं.

"…बारीक होती. केस फार. जावळ काढायचं राहिलं होतं."

"हं."

"मी पहाटे म्हणायला बसलो की पाठीशी येऊन बसायची. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर मोठ्याने म्हणायची. चुकीचंच म्हणायची. मी रागवायचो. स्वर बिघडतो म्हणायचो."

"हं."

"दर्भाचं पवित्रक हवं असायचं बोटात. माझ्या बोटात बघायची ना. म्हटलं, पोरींनी घालायचं नसतं. रडून आकाशपाताळ एक केलं. मग दिलं एक करून. एवढंसं… एवढ्याशा बोटाला दर्भ वळत नाही, गुरुजी. तुटतो. तीनदा तुटला. चौथ्यांदा जमला."

त्याने करंगळीवर माप दाखवलं. मग ते माप तसंच धरून ठेवलं.

"खड्ड्यात ठेवलं तेव्हा बोटात नव्हतं. मंदाकिनी म्हणत होती, राहू दे घालून. मी म्हटलं, शास्त्रात नाही. मी काढलं. मीच काढून घेतलं…"

त्याने ती करंगळी दुसऱ्या मुठीत झाकली.

"नाव काय तिचं?" गुरुजींनी विचारलं.

आयुष्यभर हा प्रश्न त्याने दुसऱ्यांना विचारला होता.

"शाल्मली," तो म्हणाला. "घाटावर तोंडातून गेलं ते हेच."

आणि रडला. घाटावर माणसं रडताना त्याने हजारदा पाहिली होती. तो त्या सगळ्यांसारखाच रडला, त्यात विद्वानाचं असं काही नव्हतं. नाक वाहिलं. उपरणं ओलं झालं. एकदा तर तो लहान मुलासारखा हुंदके देत मांडी मोडून आडवा पडला, आणि ते पाहायला खरंच वाईट वाटलं असतं. गुरुजींनी तोंड फिरवलं नाही. गप्प राहा म्हणाले नाहीत.

फक्त थोडे पुढे सरकले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने यज्ञेश्वराला तो हात जाणवला. तो दचकून बाजूला झाला.

"गुरुजी, शिवलात मला. सुतक म्हणालात ना…"

"असू दे. नदी जवळच आहे."

त्याला हसू आलं की काय ते सांगता येत नाही, पण चेहरा जरा सैल झाला. उठून त्याने रांजणातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं. परत येऊन बसला, या वेळी अंतर राखून.

"आजचा पहिला दिवस धरू?" त्याने विचारलं.

"धर."

"म्हणजे परवाचं कार्य…"

"दुसऱ्या कोणाला तरी सांग. घाटावर माणसं कमी नाहीत."

"आणि चौथ्या दिवशी? तेव्हा चुकणार नाही?"

"ते मला काय ठाऊक!"

यज्ञेश्वर विचारात पडला. ऊन आता पायऱ्यांवरून खाली गेलं होतं. शेवटची एसटी साडेपाचची होती. तरी तो उठेना.

"तीन दिवस इथेच राहिलो तर चालेल? तुमच्यापाशी बसतो. मोकळं वाटतंय इथे. तुम्ही विचारलंत म्हणून बोललो तरी. चौदा महिन्यांत कोणी विचारलंच नाही मला."

गुरुजींनी भिंतीशी ठेवलेली टकळी पुन्हा हातात घेतली. सुटलेलं टोक शोधलं.

"नाही. घरी जा," ते म्हणाले. "तुझ्या घरात एक बाई चौदा महिने सुतकात बसली आहे. तिला भेटायला अजून कोणी गेलेलं नाही."