कोनाड्यात न मावणारं विमान

"मग दोन्हींतलं एक विमान चूकच असणार ना, सर?"

पठारावरच्या वाऱ्यात सुश्रुत जवळजवळ ओरडतच होता. प्रवासी विमानांचे पंख आखणारा हा तरुण धावतपळत इथवर आला होता, आपल्या म्हाताऱ्या गुरूंकडे. मुजावर सर घराच्या पायरीवर बसून हलकं लाकूड तासत होते.

"माणसं तेवढीच, पल्ला तोच, हवा तीच! आमचे पंख लांब, सरळ. त्या दुसऱ्या कंपनीचे आखूड, टोकाशी वर मुडपलेले. नाकसुद्धा वेगळं. हवेचा नियम एक, तर उत्तरही एकच. उद्याच्या परिषदेत मी त्यांना चूक म्हणणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

सरांनी लाकूड आणि सुरी त्याच्यापुढे सरकवली.

"उत्तम पंख कर."

सुश्रुतचे हात भराभर चालू लागले. दुपार कलली तेव्हा लांब, निमुळत्या पंखांचं छोटं विमान तयार होतं. त्याने ते वाऱ्यावर सोडलं...

ते खाली येईचना! गवतावरून तरंगत, वळत, पार पठाराच्या टोकाला जाऊन टेकलं. सर टाळ्या पिटत त्याच्यामागे धावले.

"शाबास! आता आत नेऊन ठेव."

भिंतीत दोन कोनाडे होते. एकात सरांचं विमान उभं होतं. आखूड पंख, मुडपलेली टोकं. दुसऱ्यात सुश्रुतचं शिरेना. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं... नाहीच.

"म्हणून टोकं मुडपलीत? कोनाड्यासाठी?"

"थोडी त्यासाठी. थोडी... पंख जुनाच होता, टाकवेना. टोकं तेवढी नवी जोडली."

"आणि उडतं कसं?"

सरांनी ते खिडकीतून सोडलं. तेही गेलं, झोकात वळत, जवळपास तेवढंच लांब.

सुश्रुतच्या डोळ्यांपुढे विमानतळ उभा राहिला. शेजारीशेजारी लावलेली विमानं, प्रत्येकाला आखून दिलेली, कोनाड्यासारखीच मोजकी जागा... तो हातातल्या पंखाकडे बघून एकदम हसत सुटला.

"सर... मग उद्या बोलू काय मी?"

"हा कोनाडा कुणी केला?"

"गवंड्याने."

"मग इतका वेळ वाऱ्याला काय विचारत होतास?"