आधी एक पायरी

"...आणि राजधानीची न्यायसभाही चुकली तर? तिच्यावर काय ठेवू, बुवा?"

विश्वंभरशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. राज्यातल्या न्यायसभांचा कायदा त्यांनी लिहिला होता. उद्या तो दरबारात वाचायचा, आणि राजेसाहेबांना पटला तर सर्वांत वरच्या आसनावर स्वतः शास्त्रीच बसायचे. गुरूंचा आशीर्वाद तेवढा राहिला होता.

गुरू, निंबराजबुवा, नदीच्या घाटावर पाय पसरून शेंगा खात होते.

"किती सभा केल्यास?"

"गावाची, परगण्याची, सुभ्याची, राजधानीची. एकीवर एक, या पायऱ्यांसारख्या!"

"वा!" म्हणत बुवांनी शिष्याची जरीची पगडी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"बुवा, माझी पगडी..."

"फिर्याद कर. तुझ्याच कायद्यानं."

शास्त्री हसले. एका पायरीवर उभं राहून त्यांनी रीतसर फिर्याद मांडली.

"जरीची वस्तू? गावसभेला अधिकार नाही. वर जा."

शास्त्री एक पायरी चढले.

"खालचा निवाडा आणलास? नाही? मग खाली जा."

कलमं त्यांचीच, बोलायची सोय नव्हती. बिचारे चढले, उतरले, पुन्हा चढले. उपरणं घसरलं, घामाच्या धारा लागल्या. बुवा मात्र मजेत शेंगा सोलत होते.

"पुरे, बुवा! घसा कोरडा पडला. पाणी..."

"नदी आहे ना."

शास्त्री शेवटच्या पायरीपर्यंत धावले आणि थबकले. उन्हाळ्यानं नदी आटून लांब सरकली होती. मधे नुसता चिखल, आणि त्यातून बायका घागरी सांभाळत येत होत्या. शास्त्र्यांनी धोतर सावरून पाऊल टाकलं, आणि धपकन खाली बसले.

बायकांत हशा पिकला.

"उठा दादा, आम्ही रोजच पडतो!" म्हणत एकीनं घागर कलती केली. शास्त्री ओंजळीनं पोटभर पाणी प्याले. लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

वर आल्यावर बुवांनी पगडी पुढे केली. शास्त्र्यांनी ती डोक्यावर न घेता काखेत मारली. तरी खोड जाते थोडीच...

"पण बुवा, उद्या दरबारात विचारतीलच. राजधानीच्या वर काय?"

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"वरचं मागाहून बघू रे. आधी खाली एक पायरी बांध."